गाठ कर्करोगाची नाही, मग पुन्हा तपासणी कशासाठी?

प्रश्न : आम्ही परभणी जिल्ह्यातील शेतकरी. माझ्या ५८ वर्षांच्या वडिलांना हिपॅटायटिस बीमुळे सिरोसिस (यकृतात व्रण पडून ते कडक होणे) आहे. त्यांच्या यकृतातील दीड सेंटीमीटरच्या गाठीचा बायोप्सी अहवाल ‘हाय ग्रेड डिस्प्लास्टिक नोड्यूल’ असा आला. हा कर्करोग नव्हे, तरी तीन महिन्यांनी एमआरआय करा, असे डॉक्टर म्हणतात. वडिलांना काहीच त्रास नाही, शिवाय तेव्हा कापूस वेचणी असते. ते यायला तयार नाहीत. काय करावे?

उत्तर : आपल्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे. सिरोसिसमध्ये यकृताच्या पेशी वारंवार मरतात व नव्याने तयार होतात, त्यातून अनेक गाठी बनतात आणि एखाद्या गाठीतील पेशींची ठेवण बिघडू लागते. हा बिघाड अधिक असलेली गाठ, म्हणजेच अहवालातील ‘हाय ग्रेड डिस्प्लास्टिक नोड्यूल’, कर्करोगाच्या उंबरठ्यावर असते. प्रत्येक गाठ तो ओलांडतेच असे नाही, परंतु कोणती ओलांडील हे आज सांगता येत नाही. त्यातच बायोप्सीची सुई एकाच भागातील तुकडा घेत असल्याने शेजारचा बदललेला भाग तिच्यातून सुटू शकतो.

यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळते. गाठ कर्करोगाकडे झुकली की ती मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसू लागते, म्हणून एमआरआयमध्ये शिरेतून औषध टोचल्यावर ती आधी उजळते आणि नंतर भोवतालच्या यकृतापेक्षा काळसर दिसते. या टप्प्यावर ती सापडली, तर शस्त्रक्रियेने काढता येते किंवा सुईवाटे उष्णता देऊन नष्ट करता येते. लहान गाठ बहुधा दुखत नाही. त्यामुळे त्रास नाही म्हणून थांबणे, हीच मला सर्वांत मोठी चूक वाटते.

हिपॅटायटिस बीवरील टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर यांपैकी जी गोळी चालू असेल, ती स्वतःहून बंद करू नये. विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिसची औषधे मोफत मिळतात, जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. दारू पूर्ण वर्ज्य. बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या शेंगा घरात खाण्यासाठी मुळीच ठेवू नयेत, कारण त्या बुरशीचे विष आणि हिपॅटायटिस बी एकत्र आले की कर्करोगाचा धोका कितीतरी वाढतो. काविळीवरचा झाडपालाही कृपया देऊ नये. आपण भावंडांनी व आईने हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी करून घ्यावी आणि संसर्ग नसल्यास लस घ्यावी.

वेचणीमुळे अडचण असेल, तर डॉक्टरांना विचारून तारीख आठवडाभर पुढेमागे करावी, रद्द करू नये. जाताना आधीच्या एमआरआयची सीडी आणि बायोप्सीचा अहवाल बरोबर न्यावा. गाठ वाढली की नाही, हे जुन्या चित्राशी ताडूनच ठरते.