दुरुस्ती-सल्ला : अ‍ॅम्प्लिफायरचे फिल्टर कपॅसिटर कसे निवडावेत?

प्रश्न : माझ्याकडे सुमारे 30 वर्षांपूर्वीचा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे. आवाजाची कळ शून्यावर असली तरी दोन्ही स्पीकरमधून सतत घूंऽ असा आवाज येतो. झाकण उघडल्यावर 4700 मायक्रोफॅरड, 50 व्होल्टचे दोन मोठे कंडेन्सर (कपॅसिटर) दिसले. त्यांपैकी एकाचा माथा फुगला आहे आणि दोन्हींच्या बुडाशी तपकिरी पदार्थ साचला आहे. ट्रान्सफॉर्मरवर 25-0-25 असे लिहिले आहे. दुकानात मला 4700/35, 4700/63 आणि 10000/50 असे तीन प्रकार दाखवले आणि ‘10000 वाला टाका, बास वाढेल’ असा सल्लाही मिळाला. मी कोणते घ्यावेत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण 4700/63 घ्यावेत, आणि एकच कपॅसिटर फुगलेला असला तरी दोन्ही बदलावेत, कारण दोघांचे वय आणि दोघांनी सोसलेली उष्णता सारखीच आहे. आवाजाची कळ शून्यावर असतानाही घुमणे थांबत नाही, यावरून दोष वीजपुरवठ्याच्या भागात असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने ब्रिज रेक्टिफायरनंतर (उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेची करणाऱ्या डायोडच्या संचानंतर) उरणारी लहर 100 हर्ट्झची असते आणि कपॅसिटरमधला द्रव सुकू लागला की तीच स्पीकरपर्यंत पोहोचते. तपकिरी पदार्थ मात्र गळलेला द्रवच असेल असे नाही. कारखान्यात मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून गोंद लावत असत आणि तो वर्षानुवर्षांच्या उष्णतेने काळपट होतो. तरीही तो खरवडून काढावा, कारण असा जुना गोंद कधीकधी वीजवाहक बनतो आणि शेजारच्या भागांचे पाय खातो.

आता व्होल्टेजचा हिशोब पाहू, कारण निवडीत सर्वांत आधी तोच येतो. 25-0-25 म्हणजे मधल्या शून्याच्या दोन्ही बाजूंना 25 व्होल्ट; त्यांतून एक अधिक आणि एक उणे असे दोन पुरवठे तयार होतात. हे 25 व्होल्ट परिणामी (आरएमएस) मूल्य आहे, लहरीचे शिखर नव्हे. कपॅसिटर मात्र शिखर मूल्यापर्यंत भरतो, म्हणजे 25 गुणिले 1.414, साधारण 35 व्होल्ट. डायोडमध्ये त्यांतला एखादा व्होल्ट जातो. परंतु गाणे बंद असताना ट्रान्सफॉर्मरवर भार नसल्याने त्याचे व्होल्टेज पाच ते दहा टक्क्यांनी चढलेले असते, आणि रात्री उशिरा घरातला पुरवठा 230 ऐवजी 250 व्होल्टपर्यंत गेला तर कपॅसिटरवर 40 हून अधिक व्होल्ट सहज पडतात. म्हणून 35 व्होल्टचा नग येथे सर्वस्वी अयोग्य आहे. 50 चा चालतो आणि 63 चा निर्धास्त राहतो. व्होल्टेजचा अंक जास्त असल्याने कोणतेही नुकसान होत नाही. फक्त डबी मोठी होते. त्यामुळे खरेदीपूर्वी जुन्या नगाचा व्यास, उंची आणि दोन पायांमधले अंतर पट्टीने मोजून न्यावे. पायांचे अंतर जुळले नाही की लोक तारा जोडून नग आडवा बसवतात, आणि तो पुढे कधीतरी हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) टेकतो.

‘बास वाढेल’ या सल्ल्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तो फार ठिकाणी ऐकू येतो. एका बाजूच्या पुरवठ्यातून 2 अँपिअर प्रवाह जात असेल, तर 4700 मायक्रोफॅरडवर लहर ढोबळमानाने 4 व्होल्टची होते, 6800 वर 3 आणि 10000 वर 2. हा फरक खरा आहे. पण तो अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण ताकदीने वाजवतानाच थोडाफार जाणवेल. खालच्या सुरांची मर्यादा मुख्यतः सिग्नलच्या वाटेतले लहान कपॅसिटर आणि स्पीकर ठरवतात. उलट क्षमता दुप्पट केली की चालू करण्याच्या क्षणी रिकामा कपॅसिटर शॉर्टसर्किटसारखा वागून मोठा झटका ओढतो, आणि नंतरही प्रत्येक अर्ध्या आवर्तनात प्रवाह कमी वेळात, उंच ठोक्याने वाहतो. त्याचा ताप जुन्या ब्रिजला आणि ट्रान्सफॉर्मरला होतो. फ्यूज वारंवार जाऊ लागल्यावर त्याजागी जाड तार घालण्याचा मोह होतो, तो वेगळाच अनर्थ. जागा असल्यास 6800 पर्यंत जायला माझी हरकत नाही; त्यापुढे कारण दिसत नाही. छापील क्षमतेत वीस टक्के कमीजास्त चालतेच, हेही ध्यानात असू द्यावे.

क्षमतेपेक्षा मी तापमानाचा अंक अधिक बारकाईने पाहतो. नगावर 85 किंवा 105 अंश असे छापलेले असते. तापमान दर 10 अंशांनी उतरले की आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. पेटीच्या आत 65 अंश धरले, तर 85 अंशांना 2000 तास टिकणारा नग 8000 तास चालेल आणि 105 अंशांचा 32000 तास. रोज तीन तास ऐकणाऱ्याला हा सात वर्षे आणि एकोणतीस वर्षे यांमधला फरक आहे, कागदावरचा का होईना. किमतीतला फरक त्यामानाने किरकोळ असतो. ‘ऑडिओ ग्रेड’ असे सोनेरी अक्षरांत लिहिलेल्या नगांवर पुरवठ्याच्या जागी जास्त पैसे घालवू नयेत; माहितीपत्रकात रिपल करंटचा (नग सोसू शकतो त्या लहरी प्रवाहाचा) आकडा जास्त असलेला साधा नग अधिक कामाचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत खरेदी करताना नग हातात तोलून पाहावा. मोठ्या डबीत लहान कपॅसिटर घालून विकण्याचे प्रकार होतात, आणि तो नग हलका लागतो.

काम सुरू करण्यापूर्वी प्लग काढून जुने कपॅसिटर रिकामे करावेत. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याऐवजी 1 किलोओहम, 5 वॉटचा रेझिस्टर मिनिटभर धरावा आणि मल्टिमीटरने खात्री करावी. बसवताना उणे पुरवठ्याच्या कपॅसिटरचा अधिक (+) पाय ग्राउंडला जातो. नवशिक्यांची चूक येथेच होते आणि उलटा बसवलेला नग फुटू शकतो. म्हणून काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. पहिल्यांदा चालू करताना स्पीकर न जोडता 60 वॉटचा साधा, तारेचा (फिलामेंटचा) बल्ब घरच्या विजेच्या वाटेत सिरीजमध्ये ठेवावा : तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, उजळतच राहिला तर ताबडतोब बंद करावे.

प्रश्न : जवळपास 15 वर्षे पडून असलेले 6800/63 चे न वापरलेले कपॅसिटर चालतील का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : चालू शकतात, पण थेट जोडू नयेत. पडून राहिल्याने आतल्या अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर झिजतो आणि विजेची गळती वाढते. 10 किलोओहमच्या रेझिस्टरमधून 40 व्होल्ट द्यावेत आणि तासाभराने रेझिस्टरवरचे व्होल्टेज मोजावे. ते 5 च्या खाली आले असेल, तर गळती अर्ध्या मिलिअँपिअरपेक्षा कमी आहे आणि क्षमता मोजून नग वापरता येईल. ते उतरतच नसेल किंवा नग कोमट लागत असेल, तर तो टाकून द्यावा.