शोधनिबंध पाठवला, पुढे काय?

प्रश्न : अडीच महिने झाले, माझा निबंध नियतकालिकाच्या संकेतस्थळावर 'अंडर रिव्ह्यू' (समीक्षण चालू) दिसतोय. समीक्षक एवढे दिवस वाचतात तरी काय? (संशोधक विद्यार्थिनी, नांदेड)

वाचायला एक दुपार पुरते. वेळ जातो तो समीक्षक मिळवण्यात. निबंध आला की आधी कार्यालयात तपासणी होते: शब्दमर्यादा, आकृत्यांच्या वेगळ्या फायली, माणसांवर किंवा प्राण्यांवर प्रयोग असेल तर नैतिकता समितीची मंजुरी, आणि आधी छापलेल्या लेखांशी मजकुराचे साम्य. साम्याचा नुसता आकडा बघून घाबरू नका. पद्धतीच्या भागात विखुरलेले 15 टक्के बहुधा खपून जातात. चर्चेच्या भागात एकाच लेखातून उचललेला एक परिच्छेद खपत नाही.

मग संपादक विषय पाहतो. बरेच निबंध इथूनच परत जातात आणि तेही चांगलेच म्हणायचे, कारण उत्तर लवकर मिळते. उरलेल्यांसाठी दोन समीक्षक शोधायचे. कामाला बहुधा मानधन नसते. दोन होकारांसाठी कधी सहा-सात जणांना विचारावे लागते, आणि नकार यायलाही आठवडा जातो. काही प्रणालींत पहिली विनंती गेली की लगेच 'अंडर रिव्ह्यू' दिसू लागते. प्रत्यक्षात अजून कुणी फाईल उघडलेलीही नसते.

तीन महिने उलटले की निबंध क्रमांक आणि पाठवल्याची तारीख देऊन दोन ओळींची विचारणा करा. तोवर तोच निबंध दुसरीकडे धाडू नका, तो गैरप्रकार ठरतो. मागे घ्यायचाच असेल तर तसे लेखी कळवा आणि पोच येईपर्यंत थांबा.

समीक्षकांची नावे सुचवायला सांगितली असतील तर त्यांचे संस्थेचे ईमेल पत्ते द्या. जीमेलचे पत्ते पाहिले की संपादक सावध होतो, आणि त्याला कारण आहे. 2015 साली बायोमेड सेंट्रल या प्रकाशन संस्थेने छापलेले 43 निबंध मागे घेतले, ते बनावट समीक्षणांमुळेच. सुचवलेली नावे खऱ्या तज्ज्ञांची, पण पत्ते भलत्याचेच असा तो प्रकार होता.

प्रश्न : लेखकाचे नाव काढूनही निबंध 'अनामिक नाही' म्हणून परत आला. (प्राध्यापक, सोलापूर)

समीक्षकाला लेखक कोण ते कळू नये म्हणून नाव काढायचे असते. पहिल्या पानावरून ते गेले, फाईलमधून गेले नसेल. वर्डमध्ये फाईल, इन्फो, मग 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' असे जा. तिथे लेखकाचे नाव आणि जुन्या टिपांवरची नावे सापडतील. दुसरी जागा आभाराची. तिसरी, आणि हमखास राहणारी, म्हणजे 'आम्ही पूर्वी दाखवल्याप्रमाणे' हे वाक्य आणि त्यापुढचा स्वतःच्याच लेखाचा संदर्भ. तिथे 'पूर्वीच्या अभ्यासात' असे तृतीयपुरुषी लिहा. संदर्भ मात्र उडवू नका.

प्रश्न : एक समीक्षक म्हणतो नमुना वाढवा, दुसरा म्हणतो लेख लांबलाय, कापा. कुणाचे ऐकू? (पीएचडी विद्यार्थी, पुणे)

दोघांचेही ऐका, पण उत्तर संपादकाला उद्देशून लिहा. समीक्षक सल्ला देतो, निर्णय संपादकाचा असतो. मते उलटसुलट असतील तर आपण कोणती वाट धरली आणि का, हे पत्राच्या सुरुवातीलाच सांगून टाका. त्याखाली प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवा, लगेच उत्तर, आणि बदल कुठे केला तो ओळ क्रमांक. 'सुचवल्याप्रमाणे दुरुस्ती केली' एवढ्यावर भागवू नका. असे लिहा: 'नमुना 42 चा आहे, सर्वेक्षण संपल्याने तो वाढवता येत नाही. ही मर्यादा ओळ 310 ते 316 मध्ये नोंदवली असून निष्कर्षातला "सिद्ध होते" हा शब्दप्रयोग काढला आहे.' नकारही असा सकारण दिला की चालतो. समीक्षकाने गैरसमज करून घेतला असेल तर 'नीट वाचले नाही' म्हणू नका. तो ज्या वाक्यावर अडखळला तेच वाक्य सुधारा. दुसरा वाचकही तिथेच अडखळणार असतो.

प्रश्न : प्रूफ (छपाईआधीची जुळवलेली प्रत) आले, 48 तासांत परत मागितलेय. नेमके काय तपासू? (संशोधक, कोल्हापूर)

आधी ते जे मजकूर म्हणून कुणी वाचत नाही: लेखकांची नावे व क्रम, संस्था, अनुदान क्रमांक, आकृत्यांखालच्या ओळी. मग तक्ते मूळ फाईलशी ताडून पाहा. दशांश चिन्ह आणि उणे चिन्ह जुळणीत हरवतात. एक्सेलमधून आलेले तक्ते तर दोनदा बघा. 'सेप्ट2' या जनुकाच्या नावाची एक्सेल '2 सप्टेंबर' अशी तारीख करून टाकते. हा त्रास इतका वाढला की 2020 साली अशा जनुकांची अधिकृत नावेच बदलली गेली. आकृती धूसर दिसली तर नवी द्या: छायाचित्राला 300 डीपीआय (एका इंचातले ठिपके) पुरतात, रेषाचित्राला बहुधा 600 ते 1200 लागतात.

मराठी निबंध श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या टंकांत टंकून युनिकोडमध्ये बदलला असेल तर 'दुसऱ्या', 'कऱ्हाड' असे शब्द एकेक शोधा. 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' झालेले असते आणि सवयीच्या डोळ्याला ते दिसत नाही.

या टप्प्यावर नवा परिच्छेद किंवा नवा लेखक घालता येत नाही. लेखक वाढवायचा तर सर्व लेखकांची लेखी संमती आणि संपादकाची परवानगी लागते, आणि छपाई थांबते ती वेगळीच. प्रसिद्धीनंतर चूक दिसली तर मूळ लेख गुपचूप बदलला जात नाही. शुद्धिपत्र स्वतंत्र डीओआय क्रमांकाने (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) निघते आणि मूळ लेखाला जोडले जाते.