आधी झरा मोज, मग झाडं लाव

अगं, तुझा प्रपोजल वाचला. झाडं, ड्रोन सर्व्हे, शहापूरचा डोंगर दत्तक घ्यायचा, सगळं छान आहे पण त्यात झरा कुठेच नाही! आपण मुंबईकर पाण्याचा विचार फार तर तानसा-भातसापर्यंत नेतो, धरणाच्या वरती डोंगर आहे आणि डोंगरावर पाडे आहेत हे डोक्यातच येत नाही. मुंबईच्या सात तलावांतला जवळपास निम्मा साठा एकट्या भातसात, आणि त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर फिरतात. धरण उशाला कोरड घशाला, दुसरं काय.

आता जरा दगडाचं ऐक, कंटाळू नकोस. सह्याद्री म्हणजे बेसॉल्टचे थरावर थर, पावसाचं पाणी भेगांतून मुरत जातं, खाली घट्ट कातळ किंवा लाल मातीचा थर लागला की आडवं सरकतं आणि तो थर उतारावर जिथे उघडा पडतो तिथे झरा फुटतो. म्हणजे झरा इथे, पण पाणी मुरतं वरच्या सड्यावर (म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर), कधी कधी तर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. तू झऱ्याभोवती कितीही चर खणलेस आणि वरती सड्यावर कोणी प्लॉट पाडून बंगले बांधले, बोअर मारले, की झालं. म्हणून सडा कोणाच्या नावावर आहे ते तलाठ्याकडे आधी बघ, रोपं नंतर घे. (सीएसआरवाल्यांना, म्हणजे पैसे देणाऱ्या कंपन्यांना, रोपांचे फोटो लागतात, ते मला माहितीये.)

मोजायला काही मशीन लागत नाही. दहा लिटरची बादली आणि मोबाईलचं स्टॉपवॉच. बादली १०० सेकंदांत भरली तर दिवसाला ८,६४० लिटर, जलजीवन मिशनच्या (सरकारची नळपाणी योजना) माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने दीडशे माणसांचा पाडा निघतो, फक्त रात्रीचं वाहून जाणारं पाणी साठवायला टाकी हवी. पण हा आकडा मे महिन्यातला पाहिजे, सप्टेंबरला काय, सगळेच झरे श्रीमंत असतात.

आणि मोजायचं काम पाड्यातल्याच बायकांना दे, मानधन देऊन. कुठला झरा कधी आटतो हे त्यांना तोंडपाठ असतं, हंडे त्याच वाहतात ना. बजेटमधून ड्रोन काढ, तिथे हे टाक आणि मला परत पाठव.