डेंजरस डेव्हची तिसरी लेव्हल कशी पार करायची? आणि त्याचा पडदा झटक्याने का सरकतो?

तुम्ही लिहिलंय की भावाच्या जुन्या हार्ड डिस्कवर डेंजरस डेव्ह हा जुना कॉम्प्युटर गेम सापडला, तुम्ही तिसऱ्या लेव्हलला अडकलाय, आणि डेव्ह कडेला गेला की पडदा मध्येच थांबून झटक्याने पुढे सरकतो, म्हणजे फाइल बिघडली आहे का. फाइल धडधाकट आहे. तो झटका मूळ गेममध्येच आहे, आणि माझ्या मते डेव्ह कसा खेळायचा याचं निम्मं उत्तर त्या झटक्यातच आहे. पण आधी तुमच्या तिसऱ्या लेव्हलचं बघू.

पहिल्या लेव्हलमध्ये डेव्हला मारणारं काहीच नाही. हिरे गोळा करायचे, ट्रॉफी उचलायची, खाली ‘गो थ्रू द डोअर’ अशी पाटी येते, दारातून बाहेर. दुसरीत आग, पाणी आणि त्या जांभळ्या वळवळणाऱ्या वेली येतात. या सगळ्या गोष्टी जागच्या जागी असतात, त्यामुळे उडी नीट बसली की झालं. तिसरीत पहिल्यांदा हलणारे शत्रू येतात, ते कोळी. बहुतेक जण इथेच अडकतात, कारण दोन लेव्हलमध्ये लागलेली पळत सुटायची सवय इथे नडते.

कोळी दिसला की काही करू नका. उभे राहा आणि बघा. त्याचा फिरायचा रस्ता ठरलेला असतो. तो तुमच्या मागे येत नाही, तुम्ही कुठे आहात याच्याशी त्याच्या फिरण्याचा संबंध नसतो. तेच वळण, तीच फेरी, पुन्हा पुन्हा. गोळी मात्र तो तुमच्या दिशेने सोडतो, आणि ती सरळ आडवी जाते. म्हणजे तो तुमच्याच उंचीवर आला की धोका, वर किंवा खाली गेला की तुम्ही मोकळे. दोन-तीन फेऱ्या नुसत्या पाहिल्यात तर पुढे केव्हा निघायचं ते आपोआप कळतं.

मग बंदूक. ती दिसली की आधी ती घ्या, ट्रॉफी कुठे पळून जात नाही. कंट्रोलचं बटण दाबलं की गोळी सुटते. पण इथे एक मेख आहे: पडद्यावर तुमची एकच गोळी असू शकते. पहिली कशाला तरी लागेपर्यंत किंवा पडद्याबाहेर जाईपर्यंत दुसरी सुटत नाही. लांबून नेम चुकला तर ती गोळी सावकाश पडदाभर प्रवास करते, तोवर तुम्ही रिकाम्या हाताने उभे आणि समोरून कोळ्याची गोळी येत असते. जवळ भिंत असेल तर चुकलेली गोळी तिच्यावर आपटून लगेच संपते आणि दुसरी मारता येते. म्हणून भिंतीजवळ उभं राहून, कोळी आपल्या उंचीवर येण्याच्या किंचित आधी गोळी सोडायची. बटण बडवून इथे काही साधत नाही.

उडीचंही तसंच. मारिओमध्ये बटण दाबून धरलं की उडी उंच जाते, डेव्हची उडी मात्र एकाच मापाची. हवेत असताना डावी-उजवीकडे वळता येतं, उंची तेवढीच. एकदा ते माप डोळ्यांत बसलं की कुठल्या कठड्यावर पोचणार आणि कुठल्यावर डोकं आपटणार हे उडी मारण्याआधीच दिसतं. उंचावरून पडल्याने डेव्हला काही होत नाही, तेव्हा खाली उतरायची भीती बाळगू नका, फक्त खाली आग-पाणी नाही एवढं बघा. आणि एक गंमत: ज्या लेव्हलमध्ये तळाला भोक आहे तिथे डेव्ह खाली पडला की वरून परत येतो. तिथून पडणं हाच कधीकधी रस्ता असतो.

आता शाळेतल्या लॅबमध्ये मुलं एकमेकांना कानात सांगायची ती गोष्ट. डेव्ह शत्रूला नुसता टेकला तरी मरतो, पण शत्रूही मरतो. आणि पुन्हा सुरुवातीपासून निघालं तरी मेलेला शत्रू परत येत नाही, उचललेले हिरेही तसेच जमा राहतात. त्यामुळे एखादा कोळी अगदीच वाटेत बसला असेल आणि हाताशी जीव शिल्लक असेल तर सरळ अंगावर जायचं. गुण वाढले की जादा डेव्ह मिळतो, म्हणून वाटेतले हिरे सोडू नका, ते शोभेसाठी नाहीत. मला स्वतःला ही युक्ती फारशी आवडत नाही. दहा लेव्हलचा गेम आहे, आणि पुढच्या लेव्हलमध्ये शत्रू इतके चपळ होतात की इथे उधळलेला जीव तिथे आठवतो.

पुढे जेटपॅक मिळतो. ऑल्टने चालू-बंद होतो, खाली त्याचं इंधन दाखवणारी पट्टी असते, आणि चालू असेपर्यंत ती घटत जाते, तुम्ही हवेत नुसते तरंगत असलात तरी. काम झालं की लगेच बंद करा. झाडं असतील तिथे डेव्ह पानांतून वर चढतो, हे तर पुष्कळांना शेवटपर्यंत कळत नाही. काही मोजक्या लेव्हलमध्ये पडद्याच्या कडेपलीकडे गेलात तर छुप्या जागेत पोचता, तिथे हिऱ्यांची नुसती खैरात असते. कुठे ते सांगत नाही; शोधण्यातच मजा आहे.

हां, तर झटका. गेमचा नकाशा चौकोनांचा बनलेला आहे. लेव्हल जास्तीत जास्त 100 चौकोन लांब आणि 10 उंच, आणि पडद्यावर एका वेळी आडवे 20 चौकोन मावतात. डेव्ह कडेशी आला की गेम थांबतो, नकाशा बराचसा पुढे ढकलला जातो, आणि मग खेळ पुन्हा सुरू. तेव्हाच्या पीसीला याहून बरं जमत नव्हतं. टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रात पडदा गुळगुळीत सरकवायची सोय आतल्या चिपमध्येच केलेली असे, म्हणून 1985 चा सुपर मारिओ तेलासारखा वाहतो. पीसी हा ऑफिसातल्या हिशेबाचा प्राणी. पडदा एक रेघ सरकवायचा तर जवळजवळ सगळं चित्र नव्याने काढायला लागायचं, आणि त्यात तो धापा टाकायचा.

डेव्ह लिहिला जॉन रोमेरोने, 1988 मध्ये अॅपल टू या कॉम्प्युटरसाठी, आणि 1990 मध्ये त्यानेच तो डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधी पीसी ज्यावर चालायचे त्या यंत्रणेवर आणला. तेव्हा तो लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टमध्ये सॉफ्टडिस्क या कंपनीत होता. फ्लॉपीवर दर महिन्याला प्रोग्रॅम विकायचे हा त्यांचा धंदा. मारिओ त्याच्या डोक्यात होता हे उघडच आहे. मग त्याच 1990 च्या सप्टेंबरमध्ये त्याच ऑफिसात जॉन कारमॅकने पीसीवर पडदा गुळगुळीत सरकवायची युक्ती शोधली. सगळं चित्र पुन्हा काढायचंच नाही. आकाशाशेजारी आकाशच असेल तर तो चौकोन जसा होता तसा राहू द्यायचा, जिथे खरोखर बदल झाला तेवढेच चौकोन रंगवायचे. कारमॅक आणि तिथलाच टॉम हॉल रात्रभर बसले आणि मारिओ 3 ची पहिली लेव्हल त्यांनी पीसीवर हुबेहूब उतरवली, फक्त मारिओच्या जागी आपला डेव्ह टाकला. त्याला नाव दिलं ‘डेंजरस डेव्ह इन कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट’. फ्लॉपी रोमेरोच्या टेबलावर ठेवून घरी गेले. सकाळी रोमेरोने ती चालवली, पडदा सरकताना पाहिला, आणि आता या कंपनीत राहण्यात अर्थ नाही हे त्याला तिथेच कळलं. मारिओ बनवणाऱ्या निन्टेन्डोला त्यांनी हे काम दाखवलं, पण निन्टेन्डोने ते नाकारलं. मग त्याच युक्तीवर त्यांचा कमांडर कीन हा गेम 14 डिसेंबर 1990 ला बाहेर आला, पुढच्या वर्षी त्यांची आयडी सॉफ्टवेअर ही कंपनी उभी राहिली, आणि 1993 मध्ये त्यांचाच डूम हा गेम.

म्हणजे तुमच्या पडद्यावरचा तो झटका गेला आणि त्यातून एक कंपनी निघाली. तरीही मला झटक्याचा डेव्हच आवडतो. कडेपलीकडे काय आहे ते आधी दिसत नाही, म्हणून आपण कडेच्या अलीकडे थांबतो, शत्रूची फेरी मोजतो, उडीचं माप घेतो, मग पाऊल टाकतो. पडदा सरकला की सगळी मांडणी एका नजरेत समोर, आणि ती तिथेच स्थिर राहते. एकेक खोली सोडवल्यासारखा हा गेम खेळला जातो. गुळगुळीत सरकणाऱ्या डेव्हमध्ये हे राहिलं नसतं. डेव्हचाच पुढचा गेम, 1991 चा ‘हॉन्टेड मॅन्शन’ खेळून बघा, दिसायला कितीतरी देखणा आहे, पण त्यात थांबून बघायला फुरसत नाही.

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या शाळेत लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर दोघं बसायची. चपला बाहेर, एसी चालू, सर बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेचा धडा फळ्यावर लिहीत. ते पाठमोरे झाले की डेव्ह सुरू. की-बोर्ड एकाकडे, आणि दुसऱ्याचं काम मोजायचं: “थांब, थांब, आता... वच!” (म्हणजे जा!) डेव्ह मेला की मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी “मेलो मरे!” म्हणायचं आणि सर वळायचे. वर्गात मराठी, मधल्या सुट्टीत कोकणी, आणि डेव्हच्या वेळी जे तोंडात येईल ते. पावसाळ्यात लाइट गेली की आठव्या लेव्हलला पोचलेला डेव्हसुद्धा गेला, कारण गेम सेव्ह करायची सोयच नाही. त्या मोजणाऱ्या भिडूमुळेच आम्ही पुढे जात होतो असं मला आता वाटतं. खेळणारा नेहमी घाईत असतो, बघणाऱ्याला फेरी दिसते. पुढे गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांच्या घरी कॉम्प्युटर आले, तेव्हा डेव्हही फ्लॉपीतून घरोघर गेला. सुट्टीत डिचोलीहून आलेला मावसभाऊ एकटाच खेळायला बसला की तो तिसरीतच अडकायचा. तुमच्यासारखाच! तेव्हा भावाला शेजारी बसवा.

शेवटी चालवण्याबद्दल. आजच्या 64 बिटच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत, त्यामुळे तुम्ही बहुधा डॉसबॉक्समध्येच, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुना डॉस उभा करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, खेळत असाल. वेग जास्त वाटला तर कंट्रोल आणि एफ 11 दाबून तो कमी करता येतो, एफ 12 ने वाढतो. सुरुवातीला सीजीए, ईजीए की व्हीजीए (पडद्यावरच्या रंगांचे प्रकार) असं विचारतं तिथे व्हीजीए घ्या. सीजीएचे रंग बघवत नाहीत. मॅकवर मात्र कंट्रोल आणि बाण एकत्र दाबले की डेस्कटॉपच बदलतो, आणि नेमकी गोळी मारताना हे होतं. माझ्या भाच्याने त्यापायी मावशीच्या लॅपटॉपला बऱ्याच शिव्या घातल्या. सिस्टिम सेटिंगमध्ये जाऊन तो शॉर्टकट बंद करा, मगच तिसऱ्या लेव्हलला हात घाला.