सील तुटले, पण वॉरंटीतील ‘मुळे’ कोठे आहे?

राजारामपुरीतील एक वाचक घरबसल्या लोकांचे जीएसटीचे हिशेब पाहतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये एक वर्षाच्या वॉरंटीसह घेतलेल्या लॅपटॉपची रॅम त्यांनी पुढील उन्हाळ्यात स्वतःच ८ जीबीवरून १६ जीबी केली आणि हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी बसवला. २०२४ च्या गणेशोत्सवात लॅपटॉप चार्ज होईनासा झाला, तेव्हा सेवा केंद्राने झाकणावरील तुटलेल्या सीलकडे बोट दाखवून तो दुरुस्त न करताच परत दिला. याविरुद्ध दाद मागता येईल का, असे ते विचारतात. अशी पत्रे मला वरचेवर येतात आणि वॉरंटीचे पुस्तक वाचल्याचा उल्लेख त्यांपैकी क्वचितच एखाद्यात असतो. आपल्याही पत्रात तो नाही.

आपले सारे प्रकरण त्या पुस्तकातील एका कलमावर अवलंबून आहे. ‘अनधिकृत दुरुस्तीमुळे किंवा फेरबदलामुळे उद्भवलेला दोष वॉरंटीत येत नाही’ असा त्याचा आशय असेल, तर त्यातील ‘मुळे’ हा शब्द आपल्या बाजूचा आहे. सील तुटले एवढे दाखवून कंपनीचे भागत नाही. आपण झाकण उघडले आणि त्यामुळेच चार्जिंग बंद पडले, असा संबंध तिला जोडून दाखवावा लागतो. अपवादाचा आधार घेणाऱ्याने तो अपवाद सिद्ध करावा हे तत्त्व विम्याच्या प्रकरणांत चांगले रुळलेले आहे आणि वॉरंटीच्या वादातही तोच युक्तिवाद करता येतो. याउलट, ‘अनधिकृत व्यक्तीने यंत्र उघडल्यास वॉरंटी संपुष्टात येईल’ असे सरसकट लिहिलेले असेल, तर ते कलमच अन्यायकारक आहे असे म्हणावे लागेल. आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अन्यायकारक कराराविरुद्धची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे नव्हे, तर राज्य ग्राहक आयोगापुढे चालते. म्हणजे दाद काय मागायची एवढेच नव्हे, तर ती कोठे मागायची हेही त्या एका वाक्यावरून ठरणार आहे, आणि पुस्तक अजून आपल्या कपाटात बंद आहे.

आणखी एक गोष्ट पाहावी. लेनोवोसारख्या काही कंपन्या ग्राहकाने स्वतः बदलता येण्याजोग्या भागांची यादी आणि ते बदलण्याची कृती आपल्या पुस्तिकांत देतात. आपली कंपनी कोणती हे आपण लिहिलेले नाही. पण तिच्या पुस्तिकेत आपल्या मॉडेलची रॅम आणि डिस्क बदलण्याची अशी कृती ग्राहकासाठी दिलेली असेल, तर त्या बदलाला ‘अनधिकृत’ म्हणणे तिला जड जाईल.

येथून पुढे मी खात्री देऊ शकत नाही. बिघाड कीबोर्डचा किंवा पडद्याचा असता, तर रॅमशी त्याचा संबंध जोडताना कंपनीची दमछाक झाली असती. चार्जिंगचा भाग मात्र बहुधा रॅमचा स्लॉट असलेल्या मदरबोर्डवरच, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवरच, असतो, आणि बॅटरी न सोडवता काम केले किंवा हातातील स्थिर विजेचा झटका बसला, असे म्हणायला कंपनीला वाव राहतो. मूळ रॅम आणि हार्ड डिस्क पुन्हा बसवून दोष तसाच राहतो हे दाखवता आले असते, तर हा वाद बराचसा मिटला असता. ते सुटे भाग आपण विकून टाकलेत. (त्या डिस्कवर आपल्या पक्षकारांचे हिशेब नव्हते, अशी मी आशा करतो.) आता आयोगाकडे प्रयोगशाळेतील तपासणीची मागणी करता येईल. कायद्याने अशी तक्रार पाच महिन्यांत आणि तपासणी लागत नसल्यास तीन महिन्यांत निकाली काढायची आहे. त्या मुदतीवर विसंबून इतर कोणतेही बेत आखू नयेत. तोवर लॅपटॉप दुसऱ्या कोणाकडून दुरुस्त करून घेऊ नये. बिल व्यवसायाच्या नावावर असल्यास आपण ‘ग्राहक’च नाही असा आक्षेप येऊ शकेल, उपजीविकेसाठी स्वतः वापरलेल्या वस्तूला कायद्यात सवलत आहे, पण ते तक्रारीत स्पष्ट लिहावे लागते.

अमेरिकी व्हिडिओंत असले सील बेकायदा असल्याचे आपण ऐकले, ते त्या देशापुरते ठीक आहे. तेथे १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा आहे आणि २०१८ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने सहा कंपन्यांना तशी ताकीदही दिली होती. आपल्या कायद्यात सीलबद्दल तसे थेट कलम नाही, म्हणून तो आधार तक्रारीत घालू नये.

राहिली मुदत. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. आपण नकार लेखी घेतला नाही, जॉब शीट (सेवा केंद्राची कामाची नोंद) मागितली नाही आणि नंतर दीड वर्ष व्हॉट्सॲपवर विनवण्या करीत राहिलात. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. ‘गणपतीत’ नकार मिळाला असे आपण म्हणता, परंतु आयोग तिथी मोजत नाही. २०२४ ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि २०२६ ची १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे नकार पहिल्याच दिवशी मिळाला असेल, तर यंदा गणपती घरी येण्याआधीच आपली मुदत संपलेली असेल. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यासाठी पुरेसे कारण लागते आणि भिडस्तपणा हे तसे कारण ठरण्याची शक्यता मला कमी वाटते. तेव्हा या आठवड्यात सेवा केंद्राला पोहोच पावतीसह पत्र पाठवून जॉब शीटची प्रत आणि नकाराचे लेखी कारण मागावे, व्हॉट्सॲपवरील संदेश न पुसता जपून ठेवावेत, आणि वॉरंटीचे पुस्तक बरोबर घेऊनच वकिलाकडे जावे.