‘हे पुस्तकात नाही’ असं सांगण्याआधी : शिक्षकांची प्रश्नोत्तरे

पत्रं वेगवेगळ्या शाळांतून येतात, पण गोंधळ एकच असतो. पाठ्यपुस्तकाबाहेरचं काही सांगितलं की मुलं कान टवकारतात; मग ते खरं की ऐकीव, हे कुणी बघायचं? त्यातले काही प्रश्न आज घेते.

इतिहासाच्या तासाला चित्रफीत दाखवली तर चालेल का?

चालेल. आधी स्वतः शेवटपर्यंत पाहा आणि दहा मिनिटांच्या वर नेऊ नका.

आमच्या गावात देवळामागे वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मृतिशिळा, आहेत. मुलांनी ते घासून रंगवावेत असं ग्रामस्थांचं म्हणणं आहे. उपक्रम घ्यावा का?

उपक्रम घ्या, रंग नको. ऑइल पेंट, तारेचा ब्रश, खडूची पूड, यातलं काहीही दगडाला लावू नका. एकदा रंग बसला की बारीक कोरीव काम बुजतं. मुलांना सकाळी लवकर न्या, तिरप्या उन्हात उठाव आपोआप दिसतो. वीरगळ खालून वर वाचतात: तळाला लढाई किंवा पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर बहुतेकदा चंद्र-सूर्य. तळाशी गाई कोरलेल्या असतील तर गोधन राखताना तो मेला, असं समजतात. हे मुलांना आधी सांगू नका. ‘खालून वर गोष्ट सांगा’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. अक्षरं दिसली तर अर्थ स्वतः लावू नका. छायाचित्र काढून राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा शिलालेखांच्या जाणकाराला दाखवा.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर, राइट बंधूंच्या आधी विमान उडवलं, हे मी परिपाठात सांगते. मुलांना अभिमान वाटतो. एका पालकांनी हरकत घेतली. खरं काय?

हरकत बरोबर आहे. हा प्रश्न मला इतक्या वेळा आला आहे की आज सविस्तरच लिहिते.

तळपदे होऊन गेले आणि विमानविद्येचा त्यांना ध्यास होता, हे खरं. पण यंत्र हवेत गेलं, याचा तपासून पाहता येईल असा त्या काळचा पुरावा कुणीही पुढे ठेवलेला नाही. या कथेला आधार म्हणून प्राचीन म्हणवल्या जाणाऱ्या ज्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचं नाव घेतलं जातं, त्याची छाननी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्ये केली. तो ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. आता हे दोन आकडे फळ्यावर लिहा, १८९५ आणि १९०४, आणि विचारा: आधीचं विमान नंतरच्या ग्रंथावरून कसं बनेल? सातवीच्या मुलालाही हे कोडं सुटतं.

मग शेजारी राइट बंधूंचा पुरावा मांडा. १७ डिसेंबर १९०३, पहिलं उड्डाण १२ सेकंद, १२० फूट. त्याचं छायाचित्र आहे, ऑर्व्हिलची रोजनिशी आहे, घरी केलेली तार आहे. त्या दिवसाचं सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचं होतं, तारेत मात्र ५७ पडलं. खऱ्या पुराव्यातही चूक असते आणि दुसरा पुरावा ती पकडून देतो. हे मुलांना जितकं रंजक वाटतं तितकी कुठलीही दंतकथा वाटत नाही.

‘हे तुम्हाला कधीच शिकवलं गेलं नाही’ अशी सुरुवात असलेला संदेश आला की शिक्षकही तपासायचं थांबतात, याची मला फार चिंता वाटते. गोष्ट जितकी अपरिचित, तितकं ‘कशावरून?’ जास्त विचारायला हवं. अभिमानच हवा असेल तर जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी सांगा. १९३३ मध्ये त्याच विज्ञान संस्थेत त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला, मग अटी घालून दिला गेला, आणि १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. परिपाठात काहीही नवं सांगण्याआधी एखाद्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना विचारून घ्या.

डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारं ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चं शिबिर विज्ञान उपक्रम म्हणून घ्यावं का? फी पालक भरतील.

अजिबात नाही. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो, तो सुरू करायला शिबिर लागत नाही. मूल नाकाशेजारच्या फटीतून वाचतं. पुस्तक डोक्यामागे धरा, वाचन थांबेल. पैसे तर जातातच, पण लबाडी करणाऱ्या मुलाला टाळ्या मिळतात, हे मला सहन होत नाही. विषय मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा, आणि मेंदूविषयी शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, शिबिरवाल्यांना नव्हे.

मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध आठवीला वाचून दाखवायचा आहे. वर्गात जातीवरून बोलणं निघेल अशी भीती वाटते.

वाचा. १८५५ मध्ये फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुलीने लिहिलेला आणि ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आलेला मजकूर आहे तो, त्यावर कुणी ‘कशावरून?’ विचारलं तर उत्तर तयार आहे. फक्त कुणाही मुलाकडे वळून ‘तुमच्याकडे कसं असतं?’ विचारू नका. मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्या.

बालविवाहावर चर्चा घेतली. तास संपल्यावर नववीतली एक मुलगी म्हणाली, ‘माझं ठरतंय.’ पुढच्या महिन्यात पालकसभा आहे, तेव्हा विषय काढू का?

नाही. पुढचा महिना फार उशीर आहे. २००६ च्या कायद्याने मुलीचं वय १८ पूर्ण हवं. आजच १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा, तो चोवीस तास चालतो. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, मुख्याध्यापकांना सोबत घेऊन त्यांना भेटा. घरी एकट्याने जाऊन समजूत घालू नका. तारीख अलीकडे ओढली जाण्याचा धोका असतो. तिचं नाव वर्गात किंवा शिक्षकांच्या खोलीत निघता कामा नये. तुम्हाला हे फोनवर कळवलंच आहे, इथे छापते ते याच वळणावर थांबलेल्या इतर शिक्षकांसाठी. हजेरीपट रोज पाहा; ती न सांगता आली नाही, तर त्याच दिवशी पुन्हा फोन करा.