परीक्षेआधी एक अर्ज पायी फिरून पाहा

इंदूर

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

सरकारी विभागात एंटरप्राइझ आर्किटेक्ट म्हणून, म्हणजे विभागाची कामे, नोंदी आणि संगणक प्रणाली यांची एकत्र आखणी करण्याचे, काम हाती आले, पण प्रमाणपत्र अजून नाही. तेव्हा टोगॅफची, म्हणजे अशा आखणीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीची, परीक्षा आधी द्यावी की सरकारी चौकटीचे प्रशिक्षण आधी घ्यावे, असे तू विचारले आहेस. दोन्ही कर. मात्र त्याआधी पंधरा दिवस काढ आणि नागरिकाचा एक अर्ज दाखल झाल्यापासून निकाली निघेपर्यंत ज्या ज्या टेबलावर जातो, तिथे तिथे स्वतः जाऊन बस. हे मी आग्रहाने सांगतो, कारण माझा क्रम उलटा होता आणि त्याचा त्रास भलत्याच माणसाला भोगावा लागला.

एका विभागाच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या संगणकीकरणात मी होतो. आकृत्या देखण्या होत्या आणि सादरीकरणाचे कौतुकही झाले. प्रणाली सुरू झाल्यावर काही महिन्यांनी रामबागेतल्या एक आजी प्लास्टिकच्या पिशवीत तीन कागद घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. आपल्या मराठी घरांत नाव, पतीचे नाव आणि आडनाव सलग लिहायची रीत आहे, तर इथल्या हिंदी अर्जांत 'पिता/पति का नाम' हा रकानाच वेगळा असतो. त्यामुळे यजमानांच्या सेवापुस्तकात त्यांचे नाव तीन शब्दांचे होते, पासबुकात दोन शब्दांचे, आणि विभागाच्या यादीत आडनाव गळून नावामागे 'बाई' लागलेले. यंत्राच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या स्त्रिया होत्या, म्हणून पाच महिने पैसे अडले. माझ्या आकृतीत तिन्ही नोंदींचे चौकोन होते, त्यांना जोडणारे बाणही होते. परंतु तिन्हींत तफावत निघाली तर कोणती नोंद प्रमाण मानायची आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, हे मी कुठेच लिहिलेले नव्हते. त्या आजींनी पिशवीची गाठ पुन्हा कशी बांधली, ते मला अजून आठवते.

सरकारातल्या आर्किटेक्चरचा गाभा माझ्या मते इथेच आहे. कंपनीत दोन खात्यांचे जुळले नाही, तर वरचा एक माणूस निर्णय देऊन मोकळा होतो. सरकारात मात्र प्रत्येक नोंदीमागे वेगळा कायदा, वेगळे नियम आणि वेगळा सक्षम अधिकारी असतो, आणि एका विभागाला दुसऱ्याची नोंद परस्पर बदलता येत नाही. म्हणून आर्किटेक्टचे अर्धे काम विभागांची संमती टिप्पणीवर, सहीनिशी मिळवण्याचे असते. आपल्याच मध्य प्रदेशातली सायबर तहसील, म्हणजे जमिनीच्या नोंदी बदलण्याची ऑनलाइन व्यवस्था, नीट अभ्यास. २०२२ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्व ५५ जिल्ह्यांत पोहोचली. जमिनीची रजिस्ट्री झाली की नामांतरणाचे, म्हणजे नव्या मालकाचे नाव लावण्याचे, प्रकरण आपोआप दाखल होते आणि खरेदीदाराला त्यासाठी तहसिलीत वेगळा अर्ज करावा लागत नाही. पण सुरुवात कुठून केली ते पाहा: वाद नसलेल्या आणि संपूर्ण खसरा, म्हणजे जमिनीचा क्रमांक असलेला अख्खा तुकडा, विकला गेलेल्या व्यवहारांपासून. खसऱ्याचा काही भागच विकला तर नकाशाही तोडावा लागतो आणि पटवाऱ्याला (आपल्याकडच्या तलाठ्याला) शेतात जावे लागते. तिथे माहिती नुसती इकडून तिकडे पाठवून भागत नाही. ही सीमारेषा ज्यांनी आखली, त्यांना महसुलाचे काम आतून ठाऊक होते, असे मला वाटते.

आता तू विचारलेल्या सरकारी चौकटीच्या प्रशिक्षणाविषयी. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ साली भारतीय एंटरप्राइझ आर्किटेक्चरची चौकट प्रसिद्ध केली. तिला इंडईए म्हणतात. तिच्यात कामगिरी, कार्यपद्धती, अ‍ॅप्लिकेशन, डेटा, तंत्रज्ञान, एकात्मीकरण, सुरक्षा आणि नियंत्रण अशी आठ संदर्भ-प्रारूपे आहेत. डेटा, एकात्मीकरण आणि नियंत्रण ही तीन आधी वाच. बहुतेक जण तंत्रज्ञानापासून सुरुवात करतात आणि सर्व्हरच्या याद्यांत अडकतात.

टोगॅफचे मूळ अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या चौकटीत आहे; पहिली आवृत्ती १९९५ची आणि सध्याची दहावी २०२२ची. पहिल्या भागात ६० मिनिटांत ४० प्रश्न येतात आणि ते पाठांतराने सुटतात. दुसऱ्या भागात ९० मिनिटांत आठच प्रश्न असतात, ग्रंथ उघडून पाहायची मुभा असते आणि प्रत्येक प्रश्नात एक प्रसंग मांडलेला असतो. उत्तम उत्तराला पाच, त्याखालच्याला तीन, मग एक आणि शेवटी शून्य, असे गुण मिळतात. उत्तीर्ण होण्यासाठी दोन्ही भागांत ६० टक्के लागतात. हा दुसरा भाग मला मनापासून आवडतो, कारण विभागातही बहुधा पाच गुणांचा पर्याय निविदेत बसत नाही आणि तीन गुणांचा पर्याय पूर्ण विचारांती, कारणे लिहून स्वीकारावा लागतो. मात्र अर्ज फिरताना ज्याने पाहिलेला नाही, त्याला हे आठही प्रसंग परके वाटतात. फुटलेल्या प्रश्नसंचांच्या वाटेला जाऊ नकोस. परीक्षेच्या शुल्कासाठी विभागाकडे रीतसर प्रस्ताव ठेव.

पुढे आठ-दहा वर्षांनी ओपन सीए (सर्टिफाइड आर्किटेक्ट) या अनुभवावर मिळणाऱ्या प्रमाणपत्राचा विचार कर. त्याला लेखी परीक्षा नाही. आपण केलेल्या कामाचा लेखी तपशील सादर करावा लागतो आणि आधीच प्रमाणित झालेले आर्किटेक्ट त्यावर मुलाखत घेतात. कोणता निर्णय कोणी, कोणत्या कारणाने घेतला आणि तुझा त्यात वाटा किती, हे तिथे विचारतात. म्हणून आजपासून वही ठेव आणि प्रत्येक बैठकीनंतर त्याच संध्याकाळी चार ओळी लिही. मी ठेवली नाही, आणि नंतर आठवणीतून जुळवताना फार अडलो.

अर्ज कोणता निवडावा, हेही विचारशील. राज्याच्या २०१०च्या लोकसेवा हमी कायद्याखालची एखादी अधिसूचित सेवा घे. तिला मुदत ठरलेली असते आणि विनाकारण उशीर झाल्यास पदाभिहित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्यामुळे अर्ज नेमका किती दिवस कोणाकडे थांबला, याची नोंद तुला सापडेल. लोकसेवा केंद्राच्या खिडकीपासून सुरुवात कर. ऑपरेटर कोणता रकाना रिकामा सोडतो आणि कोणती माहिती दोनदा टाइप करतो, ते पेन्सिलीने टिपून घे.

शिवाय एक मंगळवार कलेक्टोरेटच्या जनसुनावणीत, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याच्या साप्ताहिक बैठकीत, घालव. तिथे आलेल्या प्रत्येकाचे काम कोणत्या दोन विभागांच्या मध्ये अडकले आहे, एवढेच लिहून काढ. परीक्षेची तारीख त्या मंगळवारनंतरची घे, आणि तो कागद घेऊन माझ्याकडे ये. तुझा दुसऱ्या भागाचा अभ्यास आपण त्याच्यावरच करू.

तुझा,
काका